अंगावरची उचल

आमच्या गावच्या दत्त जयंती उत्सवात सात दिवस गुरुचरित्राचं पारायण असतं. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी जन्मकाळ होतो, सुंठवडा वाटला जातो आणि रात्री साडेआठला देवळापुढच्या चौकात मेळा उभा राहतो. अठ्ठावीस माणसं, त्यांतली दहा-बारा शाळेतली मुलं, सगळी वेष घेऊन. कुणी वासुदेव, कुणी गोंधळी, कुणी जोशी, कुणी वारकरी. मंडप नाही, स्टेज नाही. औदुंबराच्या पाराला पाठ करून दोन ओळींत उभं राहायचं आणि मार्गशीर्षाच्या थंडीत दोन तास पदं नि भारुडं म्हणायची. पखवाज, टाळ, बाजाची पेटी आणि उघड्यावरचा आवाज, एवढंच भांडवल.

या मेळ्याचा हिशेब माझ्याकडे असतो. मी 1981 साली बी.कॉम. होऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि 2018 साली कारकून म्हणूनच निवृत्त झालो. बढतीची परीक्षा दोनदा आली होती. बदली नको म्हणून दोन्ही वेळा बसलो नाही. त्यामुळे गावातच राहिलो आणि मेळाही सुटला नाही.

गेल्या वर्षी समितीच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि त्यावर दीड तास वाद झाला. आमच्या मेळ्यात पुढच्या ओळीत म्हणणारा एक जण आहे. नाव लिहीत नाही. आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला शब्दन् शब्द कळावा. पण पितो. पिऊन घरी जातो आणि मग घरी काय होतं ते शेजाऱ्यांना ऐकू येतं. त्याला यंदा एकनाथ महाराजांचा वेष द्यायचं ठरत होतं. समितीतल्या एका तरुण मुलानं सरळ विचारलं, "काका, हा नाथ होऊन उभा राहिला की समोर बायकांत बसलेली त्याची बायको काय विचार करेल?"

बैठकीत कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाले, कला वेगळी आणि वागणं वेगळं. दुसरे म्हणाले, हे नाटक नाही, सेवा आहे, सेवेत असलं चालायचं नाही. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण वेषाच्या बाबतीत मी कडक म्हणून प्रसिद्ध. पण त्या दिवशी माझ्या तोंडून 'नको' निघालं नाही. का निघालं नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी मेळ्याविषयी थोडं. आजच्या मुलांना मेळा म्हणजे आरोग्य मेळावा किंवा रोजगार मेळावा वाटतो. आमच्या लहानपणी मेळा म्हणजे एकसारखे पोशाख घालून, ओळीनं उभं राहून पदं म्हणणारा मुलांचा ताफा. पुण्यात 1894 पासून गणेशोत्सवात हे मेळे निघू लागले आणि गावोगाव पसरले. मुलं मावळ्यांचे पोशाख घालत. देवाची पदं म्हणता म्हणता स्वदेशीची, स्वराज्याची पदं म्हणत. सरकारला त्यांची धास्ती वाटली आणि 1910 च्या सुमारास राजकीय मेळ्यांवर बंधनं आली. पुढे नाटक-सिनेमात गाजलेले कितीतरी कलावंत पहिल्यांदा लोकांपुढे उभे राहिले ते मेळ्यात.

पण जमेची बाजू लिहिली की खर्चाचीही लिहावी लागते. 1893 साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली होती, आणि तिच्या पुढच्या वर्षांत पुण्यातल्या काही मेळ्यांनी म्हटलेली पदं शेजाऱ्याचं मन दुखावणारी होती. त्याआधी मोहरमच्या ताबुतांपुढे हिंदूही नाचत-गात असत. ते बंद पडावं असा प्रचार त्या पदांतून झाला. मुलांना दिलेला शूराचा वेष असा शेजाऱ्याविरुद्धही वापरता आला. आमच्या कृष्णाकाठी मात्र वेगळीही वाट आहे. नृसिंहवाडीशेजारच्या कुरुंदवाडात आजही काही मशिदींत गणपती बसतो. तेव्हा वेष चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. त्या वेषाच्या जोरावर तुम्ही काय करता, हा प्रश्न आहे.

मी स्वतः 1968 साली, दहाव्या वर्षी, गणपतीच्या मेळ्यात मावळा होतो. पुढे ऑर्केस्ट्रा आले, गणपतीचा मेळा बंद पडला आणि त्यातली पेटी, पखवाज, माणसं आमच्या दत्ताच्या उत्सवात आली. पोशाखाची लाकडी पेटीसुद्धा तीच आहे. पडदा नाही, विंग नाही. समोरच्या माणसाचा श्वास दिसतो आणि त्यालाही आपला चिकटवलेला मिशीचा कोपरा सुटलेला दिसतो. अशा ठिकाणी वेष घेतलेल्या माणसाला लपायला जागाच नसते. म्हणून मी तरुणपणापासून म्हणायचो की वेष घ्यायचा तर माणूस आतूनही तसाच पाहिजे. बँकेत आम्ही चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहायचो. जुळली तर पास, नाही तर परत. माणसालाही मी तोच नियम लावत होतो.

आता ती गोष्ट. अठ्ठावीस वर्षं ही मी कुणाला सांगितलेली नाही, घरातसुद्धा नाही.

डिसेंबर 1996. दत्त जयंती नाताळच्या आदल्या दिवशी आली होती. त्या वर्षी मेळ्यात मलंगाचं पद बसवलं होतं. कथा वाचकांना ठाऊक आहेच. महिपतीबुवांनी ती सांगितली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींना भेटायला दत्तमहाराज मलंग फकिराच्या वेषात आले, बरोबर एक कुत्री, आणि नाथांना आधी ओळखच पटली नाही. त्यात मलंग मी होतो. हिरवी कफनी, गळ्यात टपोऱ्या मण्यांची माळ, डिंकानं चिकटवलेली दाढी, हातात कटोरा. दाढी चिकटवायला तासभर लागायचा. त्यामुळे साहेबांकडून दुपारी लवकर सुटायची परवानगी मी सकाळीच घेऊन ठेवली होती.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना काउंटरवर एक आजी आल्या. जवळच्या खेड्यातल्या. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नव्हता म्हणून डिसेंबरात पैसे अडकले होते. त्यांची ही तिसरी खेप. हात कापायला लागल्यामुळे सही जुळत नव्हती. दोन वेळा मी परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदाही सही जुळली नाही.

मी म्हटलं, "आजी, सही जुळत नाही. ओळख पटवायला दोन माणसं घेऊन या, आपण अंगठा घेऊ."

त्या म्हणाल्या, "आवो सायेब, मीच की ती. हुबी हाय न्हवं तुमच्या म्होरं."

"मला दिसताय हो तुम्ही. पण कागदाला दिसत नाही ना."

हे वाक्य मी त्या वेळी गमतीनं बोललो. शेजारचा सहकारीही हसला. खरं म्हणजे हात कापणाऱ्या माणसाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येत होता, आणि त्यांतला एक बँकेचा अधिकारी चालत होता. दुसरा साक्षीदार म्हणून आमच्या शाखेबाहेरचा चहावाला उभा करता आला असता. त्यानं त्या आजींना दर महिन्याला पाहिलेलं होतं. मला हे सगळं माहीत होतं. फार तर पंधरा मिनिटांचं काम. पण पंधरा मिनिटं गेली की दाढीला उशीर. मी खिडकी लावली आणि निघालो.

रात्री मेळा उभा राहिला. मलंगाचं पद झालं. पद संपल्यावर मलंगानं कटोरा घेऊन ओळीपुढून फिरायचं, लोक त्यात नाणं टाकतात, पाया पडतात, अशी आमच्याकडची रीत. मी फिरत होतो. बायकांच्या बाजूला शेवटी त्या आजी उभ्या होत्या. मुक्कामाला कुणाकडे तरी राहिल्या असाव्यात. त्यांनी पदराची गाठ सोडली, आठ आणे कटोऱ्यात टाकले, खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाल्या, "देवा दत्ता, ब्यांकेतलं काम तेवढं हूं दे."

त्यांनी मला ओळखलं नाही. दाढी आणि कफनी होती. दुपारी कागदाला त्या दिसत नव्हत्या आणि रात्री त्यांना मी दिसत नव्हतो.

मी काय केलं? ठरल्याप्रमाणे उजवा हात वर केला, आशीर्वाद दिला आणि पुढे सरकलो. मागे मुलांचा कोरस चालू होता.

दुसऱ्या दिवशी नाताळची सुटी. मी मनाशी ठरवलं की त्या आल्या की लगेच काम करून द्यायचं. परवा आल्या नाहीत. तेरवाही नाहीत. त्यांच्या गावी जाऊन यावं असं मनात आलं. सायकलवर पाऊण तास. गेलो नाही. वाटलं, येतीलच. आठवड्यानं त्या आल्या, बरोबर दोन माणसं घेऊन. त्या दोघांची एक दिवसाची मजुरी त्यांनी स्वतःच्या गाठीची दिली होती. दहा मिनिटांत अंगठा झाला. जाताना त्यांनी काउंटरवर कागदाची पुडी ठेवली. सुंठवडा होता. म्हणाल्या, "दत्तानं ऐकलं बघा, सायेब." मी तो सुंठवडा खाल्ला.

दत्तानं ऐकलं होतं हे खरं. माझ्याच कानांनी ऐकलं होतं. काम मात्र मी केलं नव्हतं.

पुढच्या जयंतीला मी वेष घेणार नव्हतो. माझ्याच नियमानं माझी सही जुळत नव्हती. पण मग विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. माझा नियम पाळायचा तर मेळ्यात उभं राहील असं गावात कुणीच सापडणार नाही. नाथांचा वेष घ्यायला नाथ पाहिजेत, मलंगाचा घ्यायला दत्तगुरू. म्हणजे चौक रिकामा. आणि चौक रिकामा असता तर आजींनी आपलं गाऱ्हाणं कुणापुढे घातलं असतं? ती प्रार्थना चुकीच्या माणसापाशी पोचली नव्हती. ते काम करू शकणाऱ्या नेमक्या माणसापाशीच ती पोचली होती. चूक माझ्या वेषात नव्हती, वेष उतरवल्यानंतरच्या आठ दिवसांत होती.

आमच्या भागात उसाचे टोळीवाले हंगामाआधी 'उचल' घेतात. काम झालेलं नसतं, पैसे आधी मिळतात. कारखानदार आणि मुकादम तेवढ्या भरवशावर देतात. ती उचल टोळीच्या अंगावर असते. मला वाटतं, वेषाचंही असंच आहे. नाथांचा वेष घातला की नाथांना मिळणारा नमस्कार आपल्याला आगाऊ मिळतो. आपण तो कमावलेला नसतो. म्हणून ती लबाडी होत नाही. कर्ज घेणारा प्रत्येक माणूस लबाड असता तर बँकाच बंद कराव्या लागल्या असत्या. लबाड कोण? ज्याला फेडायचं नाही तो. ढोंगी आणि साधक यांत त्या रात्रीपुरता काही फरक दिसत नाही. कफनी एकच, दाढी एकच. फरक दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर दिसतो.

अवधूतांनी यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंत कुंभारीण माशी आहे. ती किडा आणून भिंतीवरच्या घरट्यात कोंडते. तो किडा तिच्या भीतीनं सतत तिचंच ध्यान करतो आणि तिच्यासारखा होऊन जातो. एकनाथ महाराजांनी याच एकादश स्कंधावर टीका लिहिली आणि ती 1573 साली काशीत पूर्ण केली. त्याच नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा अशी सोंगं भारुडांतून मराठी माणसाच्या अंगावर चढवली, हा मला योगायोग वाटत नाही. किडा काही पहिल्या दिवशी कुंभारीण नसतो. तो आत किती दिवस राहतो यावर सगळं. आमचा मेळा दोन तासांचा, तालीम पंधरा दिवसांची.

त्याच चोवीसांत कुमारीची काकणं आहेत. भात कांडताना काकणं वाजतात म्हणून ती एकेक उतरवते. दोन राहिली तरी वाजतात, तेव्हा एकच ठेवते. कुणी म्हणेल, हा तर एकांताचा उपदेश, मग अठ्ठावीस जणांचा मेळा कशाला? पण मेळ्यात उभं राहिलेल्याला याचा दुसरा अर्थ कळतो. अठ्ठावीस जण एका सुरात असले की ते एकच काकण असतं, खणखणाट होत नाही. माझा आवाज वेगळा ऐकू यावा असं ज्याला वाटतं त्याचंच काकण वाजतं. मेळ्यातला वेष एकट्याचा नसतो, तिथं शेजारचा जामीन असतो.

हे सगळं मी त्या बैठकीत सांगितलं, आजींची गोष्ट सोडून. तो तरुण मुलगा हुशार. म्हणाला, "काका, हे उचलीचं ठीक. पण हा दरवर्षी उचल घेतो आणि दरवर्षी बुडवतो. वर टाळ्याही घेतो. बुडीत खात्याला तुमची बँक पुन्हा कर्ज देत होती का?"

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही सगळे पुरुष बसून ठरवताय. जिला सोसायचं तिला कुणी विचारलं का?" दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या घरी गेली. त्या बाईंनी जे सांगितलं ते सौ.नं जसंच्या तसं मला सांगितलं: "तालमीचे पंधरा दिस पीत न्हाईत. घालू द्या की येष. पण येष काढून पेटीत ठिवल्यावर तुमचं मंडळ कुठं असतंय, त्येवढं इचारा म्हणावं."

बँकेत छत्तीस-सदतीस वर्षं काढूनही हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. कर्ज बुडतं तेव्हा दोष फक्त घेणाऱ्याचा नसतो. कर्ज देऊन नंतर त्याच्या दारात कधीच न गेलेल्या अधिकाऱ्याचाही असतो. आम्ही दर वर्षी त्याला वेष देत होतो, आवाज घेत होतो, टाळ्या वाजवत होतो आणि पौर्णिमा उलटली की साडेअकरा महिने विसरत होतो. जामीन म्हणून आम्ही शेजारी उभे होतो फक्त दोन तास.

आम्ही त्याला नाथांचा वेष दिला. त्याआधी त्याला बाजूला घेऊन तिघांनी स्पष्ट सांगितलं की वेषाबरोबर आम्हीही तुझ्या अंगावर आहोत. घरी हात उचललास तर समितीच पोलिसात येईल, झाकणार नाही. आणि पौर्णिमेनंतर दर शनिवारी तालुक्याला व्यसनमुक्तीच्या बैठकीला जायचं, बरोबर आमच्यातला एक जण येईल. तो काही बोलला नाही. जयंतीच्या रात्री असा गायला की चौकातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली असं लोक गमतीनं म्हणतात. त्याची बायको समोर बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीही कळलं नाही.

वर्ष होत आलं. शनिवार बहुतेक पाळले. दोनदा घसरला, एकदा होळीला आणि एकदा श्रावणात भावाशी भांडण झालं तेव्हा. होळीच्या वेळी बायको चार दिवस माहेरी गेली आणि आमच्यातले दोघे तिच्याबरोबर जाऊन तिच्या भावांशी बोलून आले. हे सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. काही हप्ते आले, काही थकले. खातं चालू आहे.

यंदा पुन्हा बैठक आहे. तो मुलगा पुन्हा विचारील, आणि त्यानं विचारावंच. वेष मागणाऱ्याला प्रश्न विचारणारा कुणीतरी हवाच, नाही तर भगव्या, पांढऱ्या, हिरव्या कुठल्याही कापडाखाली लोकांचा विश्वास लुटणाऱ्यांचं फावतं. त्यांची एक खूण मला कळली आहे. ते वेष कधीच उतरवत नाहीत. आमच्या मेळ्याचे वेष रात्री अकराला घडी घालून लाकडी पेटीत जातात आणि पेटीची किल्ली माझ्याकडे असते. पेटीला कुलूप लावताना मी दर वर्षी त्या आजींची आठवण काढतो. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे आठ आणे मी उत्सवाच्या जमेत लिहिले होते. मात्र त्यांनी वाकून केलेला नमस्कार माझ्या नावे टाकलेला आहे. त्यानंतर नोकरीत बावीस वर्षं कापऱ्या हाताचं कुणी काउंटरवर आलं की मी खुर्ची सोडून बाहेर येत असे. तेवढे हप्ते गेले असतील. मुद्दल अजून बाकी आहे.

श्रीगुरुदेव दत्त.